मेडिकलला कॉलेज निवडायचंय? पात्रता, दाखले आणि प्रेफरन्स फॉर्मचं सगळं (महाराष्ट्र, एमबीबीएस)

नीटचा रिझल्ट लागला की घरात पहिला प्रश्न हाच असतो, एवढ्या मार्काला कुठलं कॉलेज लागेल, आणि मग मामा, शेजारचे काका, क्लासवाले सर सगळे आपापले आकडे सांगायला लागतात. मार्क सोडा, ऑल इंडिया रँक धरा. २०२४ ला ७२० पैकी ७२० मिळालेली पोरं एक-दोन नव्हती, आणि २०२५ ला देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते, म्हणजे एका वर्षाचे मार्क दुसऱ्या वर्षाला लावून काही उपयोग नाही. सीईटी सेलच्या (राज्याचे प्रवेश हेच बघतात) साइटवर मागच्या वर्षीच्या सिलेक्शन लिस्ट असतात, राउंडनुसार वेगवेगळ्या पीडीएफ, त्या उतरवून घ्या आणि तुमच्या कॅटेगरीत त्या कॉलेजला शेवटची सीट किती रँकला गेली ते बघा. पहिल्या राउंडला जे कॉलेज हाताबाहेर दिसतं ते तिसऱ्याला बऱ्याचदा आवाक्यात येतं, म्हणून एकच लिस्ट बघून धीर सोडू नका.

आधी पात्रता, थोडक्यात. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी पाहिजे, पीसीबीची टोटल ओपनला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४० टक्के. ज्या वर्षी अ‍ॅडमिशन घ्यायची त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण झालेली हवीत, वरची वयोमर्यादा नाही. नीटमध्ये ओपनला ५० पर्सेंटाइल, राखीवला ४०. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे, परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के पोरं तुमच्या मागे आहेत तो आकडा, हे आजोबांना समजावून सांगावं लागतं, सांगा. आणि क्वालिफाय झालो म्हणजे सीट मिळाली असं नाही, क्वालिफाय होणारे लाखोंनी असतात.

आता रस्ते दोन आहेत आणि दोन्हीकडे वेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं, हे कित्येकांना उशिरा कळतं.

पहिला एमसीसीचा, म्हणजे दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी. देशभरातल्या सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के सीटा, सगळी एम्स (नागपूरचं धरून), आणि सगळी अभिमत (डीम्ड) विद्यापीठं तिथून भरतात. पुण्याच्या एएफएमसीलाही (सैन्याचं मेडिकल कॉलेज) सुरुवात एमसीसीवरूनच होते, पुढे त्यांची वेगळी इंग्रजी आणि रीझनिंगची परीक्षा, इंटरव्ह्यू, मेडिकल असं असतं. एमसीसीला ओपनचे १,००० रुपये फी आणि १०,००० डिपॉझिट, राखीवला त्याच्या निम्मं. अभिमतला मात्र ५,००० फी आणि २ लाख डिपॉझिट, आणि तिथली वर्षाची फी बऱ्याच ठिकाणी २० लाखांच्या पुढे आहे, तेव्हा नुसतं बघू म्हणून ते टिक करू नका.

दुसरा रस्ता राज्याचा, सीईटी सेलची कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया. सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांच्या ८५ टक्के सीटा आणि खासगी कॉलेजं इथून. यात अट अशी की डोमिसाइल महाराष्ट्राचं पाहिजे आणि दहावी, बारावी दोन्ही महाराष्ट्रातूनच पास पाहिजे. सैन्यदल, केंद्र सरकारी कर्मचारी वगैरेंच्या मुलांना काही सवलती आहेत त्या सीईटी सेलच्या माहितीपत्रकात दिलेल्या असतात, बाकीच्यांना नाहीत. अकरावीला राजस्थानातल्या कोटा शहरात क्लासला जाऊन तिथल्याच शाळेत बारावीचा फॉर्म भरणाऱ्यांचा घात इथेच होतो, पोरगं हुशार, रँक चांगली, पण राज्याचा ८५ टक्के कोटा बंद आणि फक्त १५ टक्क्यांत देशभराशी झुंजायचं. कोटा शहरात पाठवायचंच असेल तर बारावीचा फॉर्म कुठून भरला जातोय हे पालकांनी अकरावीतच बघायचं. बाकी तो ७०:३० चा विभागवार कोटा (७० टक्के सीटा त्याच विभागातल्या पोरांना) २०२० साली रद्द झालाय, लातूरचं पोरगं मुंबईच्या सीटवर आणि मुंबईचं लातूरच्या सीटवर सारख्याच हक्काने येतं, तरी अजून लोक "आमचा रीजन कुठला" विचारतात.

कागदपत्रं. अ‍ॅडमिशन मार्कावर मिळते पण जाते कागदावर, हे मी प्रत्येकाला सांगतो. नीटचं अ‍ॅडमिट कार्ड आणि स्कोअर कार्ड, दहावीची मार्कशीट आणि सर्टिफिकेट, बारावीची मार्कशीट, टीसी, आधार, फोटो, मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट (माहितीपत्रकातल्याच नमुन्यात, डॉक्टरांच्या साध्या लेटरहेडवर नको), मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास हा दाखला तहसीलमधून मिळतो, आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत अर्ज करायचा, आणि तो मार्च-एप्रिलमध्येच काढून ठेवायचा कारण निकाल लागले की सगळ्या कोर्सची पोरं एकदम तिथे रांगेत असतात. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटप्रमाणे आहे का ते एकदा अक्षर न् अक्षर ताडून बघा, आधारवर एखादा ए जास्त असतोच असतो.

आरक्षणातून भरत असाल तर खरी मेहनत पुढे आहे. नुसता जातीचा दाखला चालत नाही, व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र, लागते. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जात पडताळणी समितीकडे अर्ज टाकायचा, निकालाची वाट बघायची नाही. पुरावे जुने मागतात, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा, असलं काहीतरी गावाकडून शोधून आणावं लागतं, आणि मोडीत असलं तर लिप्यंतर करून घ्यावं लागतं, त्यात महिने जातात. वडिलांची किंवा सख्ख्या चुलत्याची व्हॅलिडिटी निघालेली असेल तर काम बरंच सोपं होतं. भटके-विमुक्त, ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) यांना वर नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचा दाखला, पाहिजे, आणि ते प्रवेशाच्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं, मागच्या वर्षीचं कपाटातलं नाही.

एक गोष्ट सुटते ती अशी की एमसीसीला राज्याचा दाखला चालत नाही. तिथे केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला लागतो. राज्यातलं एसईबीसी आरक्षण १० टक्के आहे पण केंद्रात ती कॅटेगरीच नाही. आणि आपल्याकडे एनटी (भटक्या जमाती) असलेल्या बऱ्याच जाती केंद्राच्या यादीत ओबीसी म्हणून आहेत, तेव्हा केंद्राची यादी उघडून आपली जात कुठे आहे ते बघूनच फॉर्म भरा.

आता कॉलेज कुठलं. माझ्या मते बिल्डिंग, कॅन्टीन, फेस्ट यापेक्षा दवाखाना बघायचा. केईएम, जेजे, सायन, नायर, पुण्याचं बीजे, नागपूरचं जीएमसी यांना लोक पळतात ते नावासाठी नाही, तिथे पेशंट एवढा येतो की चौथ्या वर्षापर्यंत डोळे आपोआप तयार होतात. एखाद्या कामाच्या दिवशी सकाळी दहाला जा, केसपेपरच्या खिडकीवर रांग किती आहे बघा, मग वॉर्डात डोकवा. बेडवर माणसं आहेत की नुसत्या कडक इस्त्रीच्या चादरी आहेत हे एका नजरेत कळतं. आणि प्रश्न फर्स्ट इयरच्या पोरांना नाही, इंटर्नला विचारा, डिलिव्हरी किती बघितल्या, टाके कोण घालतं, की दिवसभर फक्त ब्लड काढून रिपोर्ट आणायला पळवतात. २०२४ ला राज्यात १० नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, हिंगोली, वाशीम, गडचिरोली, भंडारा वगैरे. तिथे शिक्षक आणि पीजीची पोरं अजून कमी, हे खरं, पण सरकारी फी आणि जिल्हा रुग्णालयाचा पेशंट आहे, त्यामुळे महागड्या खासगीच्या वर मी तरी ते टाकेन. डिग्री शेवटी नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाचीच, पेपर सगळ्यांना तेच. अभिमतचं विद्यापीठ मात्र स्वतःचं असतं.

खासगी कॉलेज टाकताना कोटा नीट वाचा. एकाच कॉलेजच्या स्टेट कोट्याच्या सीटा वेगळ्या आणि १५ टक्के इन्स्टिट्यूशनल कोट्याच्या वेगळ्या, दुसऱ्याची फी तीन पटीपर्यंत जाते. फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर बघा, एजंटच्या तोंडून नाही. आणि ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना जुलै २०२४ च्या जीआरनुसार शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, खासगी कॉलेजलासुद्धा, फक्त कॅपमधून लागलेली सीट पाहिजे, अभिमत आणि मॅनेजमेंट (म्हणजे इन्स्टिट्यूशनल) कोट्याला नाही. अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर करायचा. सरकारी कॉलेजला एक वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड असतो, तोही आधीच वाचून सही करा.

प्रेफरन्स भरताना लोक "हे लागणार नाही" म्हणून आवडतं कॉलेज खाली ढकलतात किंवा टाकतच नाहीत. असं करू नका. सिस्टीम तुमच्या रँकला वरून खाली बघत येते आणि जे पहिलं मोकळं मिळेल ते देते, वर मोठं कॉलेज टाकल्याने खालच्याचा चान्स जात नाही. जे लागलं तरी जाणार नाही ते मात्र यादीत ठेवूच नका. फॉर्म लॉक करायचा, प्रिंट काढायची, शेवटच्या दिवसावर ठेवायचं नाही, साइट हँग होते.

सीट लागली, जॉइन झालात आणि पुढे बदल नकोय, तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून द्या. तो भरला नाही आणि पुढच्या राउंडला वरची सीट लागली तर आधीची आपोआप जाते, मग रडून उपयोग नसतो, म्हणून पुढच्या राउंडला हातातल्यापेक्षा खरंच बरी वाटतात तेवढीच कॉलेजं टाका. एमसीसीला पहिल्या राउंडची सीट सोडली तर काही जात नाही, दुसऱ्याची सोडली तर डिपॉझिट जातं, तिसऱ्याला जॉइन झालं की सुटका नाही, आणि शेवटच्या स्ट्रे राउंडची सीट लागून गेलाच नाहीत तर पुढच्या वर्षी नीटलाच बसू देत नाहीत. राज्याचे असेच नियम माहितीपत्रकात असतात आणि दरवर्षी थोडे बदलतात, ती पीडीएफ मोठी आणि कंटाळवाणी आहे पण एक रात्र काढून वाचाच, क्लासवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर जाऊ नका. रिपोर्टिंगला ओरिजिनल कॉलेज ठेवून घेतं, तेव्हा त्याआधी सगळ्याचं स्कॅन, झेरॉक्सचे चार-पाच सेट आणि कागद जमा केल्याची पावती, एवढं स्वतःकडे पाहिजे.