न्यायालयीन सुरक्षा (भारत)

न्यायाधीश, साक्षीदार, पक्षकार, वकील, कर्मचारी आणि न्यायाधीन बंदी, तसेच न्यायालयातील अभिलेख व मुद्देमाल यांचे हिंसेपासून व घातपातापासून रक्षण करणारी आणि ते करताना खुली सुनावणी अबाधित ठेवणारी व्यवस्था. या दुसऱ्या अटीमुळे ती विमानतळाच्या किंवा छावणीच्या सुरक्षेहून वेगळी पडते. फौजदारी न्यायालय खुले असावे, हे तत्त्व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ३६६ मध्ये (१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३२७) आहे. मुंबई उच्च न्यायालयातील एका सुनावणीवरून उद्भवलेल्या नरेश श्रीधर मिरजकर वि. महाराष्ट्र राज्य (१९६६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खुली सुनावणी हा नियम आणि बंद सुनावणी हा अपवाद मानला. मात्र कलमातच जागा सोयीने पुरेल तेवढ्यांनाच प्रवेश, अशी मर्यादा आहे आणि विशिष्ट व्यक्तीला बाहेर ठेवण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला दिलेला आहे. दारावरच्या हवालदाराला तो स्वतःहून मिळत नाही.

उगम : आजच्या व्यवस्थेचा उगम कोणता, याविषयी दोन मते आढळतात. एक मत तो इलाखा शहरांतील शेरीफच्या पदात शोधते. १७२६ च्या सनदेने मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि त्यांच्यासोबत शेरीफचे पद आले. समन्स बजावणे, ज्यूरी बोलावणे, हुकूमनाम्यांची अंमलबजावणी करणे आणि बंदी ताब्यात ठेवणे ही त्याची कामे. मुंबईत पुढे रेकॉर्डरचे न्यायालय (१७९८), इलाख्याचे तत्कालीन सर्वोच्च न्यायालय (१८२४) व उच्च न्यायालय (१८६२) असे टप्पे झाले, तरी हे पद टिकले; आज ते मानाचे आहे. दुसरे मत उगम मोफसलात, म्हणजे इलाखा शहरांबाहेरील जिल्ह्यांत शोधते. तेथे न्यायालयाचा स्वतःचा माणूस म्हणजे नाझर (मालमत्ता व अंमलबजावणी पाहणारा कर्मचारी), बेलिफ (समन्स बजावणारा) आणि पट्टेवाला. शस्त्र व आरोपी दोन्ही फौजदारी अंमलदारांच्या आणि नंतर जिल्हा पोलिसांच्या हाती. १८६१ च्या पोलीस अधिनियमाने सक्षम अधिकाऱ्याचे आदेश व वॉरंट अंमलात आणणे हे पोलिसांचे कर्तव्य ठरवले. पुराव्याचा कल दुसऱ्या मताकडे अधिक झुकतो. शेरीफची परंपरा दिवाणी अंमलबजावणीत व समारंभात उरली. आरोपी आणणे, दारावर उभे राहणे, गर्दी आवरणे ही आजची कामे मोफसल पोलिसांच्या बंदोबस्तातून आलेली दिसतात. हा केवळ इतिहासाचा वाद नाही, कारण न्यायालयाच्या आवारातील सशस्त्र माणूस न्यायालयाच्या आस्थापनेवर नसतो ही आजची मुख्य अडचण त्याच वाटेने आलेली आहे.

अधिकाराची विभागणी : राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ व ‘पोलीस’ हे विषय अनुक्रमे पहिल्या व दुसऱ्या नोंदीत आहेत. अनुच्छेद २३५ नुसार दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे आहे. परिणामी प्रमुख जिल्हा न्यायाधीश आवाराला जबाबदार असतात, पण मनुष्यबळ पोलीस अधीक्षकांचे किंवा आयुक्तांचे, इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाची आणि उपकरणांचा पैसा राज्याच्या गृह किंवा विधी विभागाचा असतो. बंद पडलेला धातुशोधक दुरुस्त कोणी करायचा, हा प्रश्न या चौघांत महिनोन्‌महिने फिरू शकतो. सण, निवडणूक किंवा मोर्चा आला की कोर्ट बंदोबस्तातील माणसे प्रथम काढली जातात.

यावर केंद्रीय दलाचा उपाय वेळोवेळी सुचवला गेला. मद्रास उच्च न्यायालयात नोव्हेंबर २०१५ पासून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल तैनात झाले. धनबादचे अतिरिक्त सत्र न्यायाधीश उत्तम आनंद यांना २८ जुलै २०२१ रोजी पहाटे फिरायला गेले असता रिक्षाने धडक देऊन ठार करण्यात आले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात, न्यायालयांसाठी असे देशव्यापी दल उभारणे व्यवहार्य नाही व पोलीस हा राज्याचा विषय आहे, अशी भूमिका केंद्राने मांडली. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२३ च्या प्रद्युम्न बिष्ट प्रकरणातील निर्देशांनी मधला मार्ग काढला: प्रत्येक उच्च न्यायालयाने राज्याचे गृह सचिव व पोलीस महासंचालक यांच्याशी विचारविनिमय करून सुरक्षा आराखडा करावा आणि त्यात प्रत्येक संकुलासाठी कायमस्वरूपी न्यायालय सुरक्षा पथकाचा विचार व्हावा. आवाराचा येण्याजाण्याचा रस्ता म्हणून होणारा वापर गरज पडल्यास पूर्ण बंद करावा, विक्रेते व दुकाने यांच्यावर लक्ष असावे, रुग्णवाहिका व अग्निशमनाची सोय असावी, हेही त्यात आले. दल कोणाचे यापेक्षा पथक कायम असणे अधिक महत्त्वाचे मानावे लागते. वकील, नेहमीचे पक्षकार, चहावाला आणि अनोळखी चेहरा यांतला फरक दर आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला कळत नाही.

प्रवेशद्वार : दिल्ली उच्च न्यायालयाबाहेर २५ मे २०११ रोजी वाहनतळाजवळ कमी तीव्रतेचा स्फोट झाला, त्यात जीवितहानी नव्हती. ७ सप्टेंबरला सकाळी सव्वादहाच्या सुमारास पाचव्या दारापाशी पाससाठी उभ्या असलेल्या रांगेत ब्रीफकेसमधील बाँब फुटला आणि किमान १५ माणसे मरण पावली. बाँब तपासणीच्या आत आलाच नव्हता. तपासणीमुळे झालेली गर्दीच लक्ष्य ठरली. तेव्हापासून रांग हीच संरक्षित जागा मानून तिची आखणी करावी लागते: पास खिडकी इमारतीपासून व रस्त्यापासून दूर, रांगेच्या शेपटाकडे रोखलेला कॅमेरा, वाहनतळ व रांग यांच्यात अडथळा, बेवारस पिशवीवर नजर ठेवणारा एक माणूस रांगेच्या बाहेर. दहा ते अकरा या तासात सर्वाधिक ताण असतो. ऑनलाइन पास आणि कार्यसूचीत खटल्यांना नेमून दिलेल्या वेळा यांनी तो यंत्रांपेक्षा जास्त कमी होतो.

चौकटीचा धातुशोधक फक्त धातू ओळखतो, स्फोटक नाही. त्याची चौकट लोखंडी दरवाजा, लिफ्ट किंवा जाड वीजवाहिनीजवळ ठेवली, किंवा दोन चौकटी एकमेकींना खेटून उभ्या केल्या, तर ती उगाच वाजत राहते. मग पहारेकरी तिची संवेदनशीलता उतरवतो किंवा आवाजाकडे लक्ष देणे सोडतो. म्हणून रोज सकाळी नमुन्याचा धातूचा तुकडा डोके, कंबर व घोटा या तीन उंचींवर नेऊन चाचणी घेतात आणि नोंदवहीत सही करतात. सामानाच्या क्ष-किरण यंत्राचा बोगदा सामान्यतः ६० × ४० सेंमी. असतो. खटल्याच्या कागदपत्रांचे जाडजूड गठ्ठे त्याच्या पडद्यावर गडद दिसतात, त्यामुळे ते उघडून पाहावे लागतात. पडद्यासमोरचा माणूस सुमारे २० मिनिटांनी बदलावा. त्यापुढे नजर थकते. महिलांच्या झडतीसाठी महिला पोलीस व आडोसा नसेल, तर ती झडती प्रत्यक्षात होतच नाही.

काळा कोट ही सर्वांत जुनी फट आहे. रोहिणी न्यायालयात २४ सप्टेंबर २०२१ रोजी हल्लेखोर वकिलांच्या वेषात कोर्ट हॉलमध्ये बसले होते आणि त्यांनी एका बंद्याला गोळ्या घातल्या. लखनौमध्ये ७ जून २०२३ रोजी हेच घडले. वकील संघटनांचा झडतीला असलेला विरोध मानाच्या प्रश्नातून येतो. त्यावर यंत्राने वाचता येणारे ओळखपत्र व स्वतंत्र मार्गिका हा तोडगा चालतो, परंतु मार्गिका स्वतंत्र असली तरी तिच्यावर यंत्र तेच हवे. रोहिणीतच ९ डिसेंबर २०२१ रोजी जेवणाच्या डब्यात लपवलेल्या स्फोटकाचा कोर्ट हॉलमध्ये स्फोट झाला. डबा हा न्यायालयात रोज येणारा सर्वांत निरुपद्रवी धातू होय. त्याच महिन्यात लुधियानात २३ तारखेला स्फोट झाला तो स्वच्छतागृहात. तेथे कॅमेरा लावता येत नाही, म्हणून न्यायालय उघडण्यापूर्वीच्या घातपातविरोधी तपासणीत स्वच्छतागृहे, जिन्याखालची जागा, कपाटांचे माथे आणि जुन्या अभिलेखांचे ढीग यांचा क्रम पहिला लागतो.

बंद्यांची ने-आण : न्यायाधीश, बंदी, जनता आणि मुद्देमाल यांचे मार्ग एकमेकांना छेदू नयेत, हे संकुलाच्या रचनेतील मूळ सूत्र. नव्या इमारतींत ते साधते. मुंबई उच्च न्यायालयाची १८७८ ची इमारत २०१८ पासून जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे. अशा ठिकाणी भिंत फोडून नवा जिना काढता येत नाही, मग मार्गांऐवजी वेळा वेगळ्या कराव्या लागतात.

धोका गाडीत कमी आणि गाडी ते कोठडी व कोठडी ते कोर्ट हॉल या दोन टप्प्यांत जास्त असतो. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात १३ ऑगस्ट २००४ रोजी हजर केलेल्या एका आरोपीला त्याच्या वस्तीतून आलेल्या महिलांच्या जमावाने आवारातच ठार केले. जमावाचा रोष आधीपासून उघड होता, तरी बंदोबस्त नेहमीचाच होता. म्हणून कारागृहाने आदल्या दिवशी यादी पाठवताना टोळी, वैर, पलायनाचा पूर्वेतिहास आणि फिर्यादी पक्षाचा रोष हे रकाने भरणे अपेक्षित असते. वैरी टोळ्यांच्या तारखा एकाच दिवशी येऊ नयेत हे न्यायालयाच्या लिपिकाला या यादीवाचून कळत नाही. कैदी पार्टीचा, म्हणजे बंद्यांची ने-आण करणाऱ्या पोलीस पथकाचा प्रमुख चार वेळा शिरगणती करतो: उतरताना, कोठडीत, कोर्टातून परत आल्यावर आणि गाडी सुटण्यापूर्वी. बंद्याला धरणारा शिपाई सहसा निःशस्त्र असतो, हत्यारधारी त्याच्यापासून हातभर दूर चालतो. नाहीतर हिसकावून घेण्याजोगे हत्यार आपणच जवळ नेल्यासारखे होते. नातेवाइकांनी दिलेले जेवण, पाण्याची बाटली व कपडे हा दुसरा चोरमार्ग.

बेड्यांचा प्रश्न अद्याप पुरता मिटलेला नाही. प्रेमशंकर शुक्ल (१९८०) व सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी (१९९५) या निर्णयांनी बेड्या अपवाद ठरवल्या आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीची अट घातली. २०२३ च्या संहितेच्या कलम ४३(३) ने सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, तसेच संघटित गुन्हे, दहशतवादी कृत्य, खून, बलात्कार इत्यादी प्रकारांत अटक करताना व न्यायालयात हजर करताना पोलिसांना बेड्या घालण्याचा अधिकार दिला. नव्या कलमाने जुनी अट संपली असे काही भाष्यकार मानतात. घटनेच्या अनुच्छेद २१ वर उभे असलेले निर्णय साध्या कायद्याने आपोआप निष्प्रभ होत नाहीत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. व्यवहारात कारण लेखी नोंदवून दंडाधिकाऱ्याचा आदेश घेणेच सुरक्षित.

ने-आण टाळणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. पहिली हजेरी प्रत्यक्ष असावी लागते, पण पुढील न्यायालयीन कोठडी दृक्‌श्राव्य माध्यमातून वाढवता येते. याउलट टोक म्हणजे न्यायालयच कारागृहात नेणे: १९९३ च्या बाँबस्फोटांचा आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याचा खटला मुंबईच्या आर्थर रोड कारागृहातील विशेष न्यायालयात चालला. दुसऱ्या खटल्यात आरोपीच्या कोठडीपासून न्यायालयापर्यंत मजबूत बंदिस्त मार्ग बांधण्यात आला होता.

मुद्देमाल : पाटण्याच्या दिवाणी न्यायालयात १ जुलै २०२२ रोजी पुरावा म्हणून आणलेल्या स्फोटकाचाच स्फोट झाला. स्फोटक पदार्थ बाँबशोधक व नाशक पथकाकडून निकामी करून, नमुना, छायाचित्रे व पंचनामा एवढेच न्यायालयात आणावे. मालमत्तेच्या विल्हेवाटीची तरतूद २०२३ च्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये आहे. नाझराच्या खोलीत वर्षानुवर्षे पडून राहणारी गावठी पिस्तुले व काडतुसे वेगवेगळी कुलूपबंद ठेवणे गरजेचे असते.

न्यायाधीश व साक्षीदार : सर्वोच्च न्यायालयात १३ मार्च १९६८ रोजी भर न्यायदालनात झालेल्या चाकूहल्ल्यात न्या. ए. एन. ग्रोव्हर जखमी झाले. सरन्यायाधीश ए. एन. रे यांच्या मोटारीवर २० मार्च १९७५ रोजी दिल्लीत हातबाँब फेकले गेले. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या दिशेने एका वकिलाने बूट फेकण्याचा प्रयत्न केला; अशा वस्तूला कोणतेही यंत्र अडवत नाही, डायस (न्यायाधीशांचे उच्चासन) व वकिलांची पहिली रांग यांतील अंतरच कामी येते. जिल्हा न्यायाधीशांच्या बाबतीत दालनापेक्षा घर आणि रोजचा ठरलेला रस्ता अधिक असुरक्षित असतो. दालनात डायसखाली धोक्याचे बटण असावे आणि ते दर आठवड्याला दाबून पाहावे. डायसमागचा दरवाजा दालनाच्या बाजूने बाहेरच्याला उघडता येऊ नये.

साक्षीदारांसाठी साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात मान्य केली. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती पोलिसांच्या धोका विश्लेषण अहवालावरून निर्णय घेते आणि संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपर्यंत देता येते. दुर्बल साक्षीदारांच्या साक्षीसाठी स्वतंत्र केंद्रे उभारण्याचे निर्देश महाराष्ट्र राज्य वि. बंडू (२०१७) व स्मृती तुकाराम बडदे (२०२२) या महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणांत दिले गेले. तालुका पातळीवर साक्षीदार व आरोपीचे नातेवाईक बहुधा एकाच व्हरांड्यात थांबतात.

धमकी व निष्कासन : ई-मेलने येणाऱ्या बाँबच्या धमक्या वाढल्या आहेत, सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्ली व मुंबई उच्च न्यायालयांना एकाच दिवशी अशा धमक्या आल्या. इमारत रिकामी करण्याचा निर्णय कोणाचा, हे आधी लेखी ठरलेले नसेल, तर पोलीस निबंधकाची (न्यायालयाच्या प्रशासकीय अधिकाऱ्याची) आणि निबंधक न्यायमूर्तींची वाट पाहतात. बाहेर जमण्याची जागा तपासून मगच लोकांना तिकडे न्यावे. बंद्यांना सर्वांत शेवटी आणि वेगळ्या दाराने काढतात, आणि कोठडीच्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा इमारतीबाहेर ठेवतात.