स्वॅप म्हणजे पिक नव्हे: पुनर्बांधणीतल्या संघाची पुंजी मोजताना

पुनर्बांधणीला बसलेल्या, म्हणजे नव्याने संघ उभारणाऱ्या, एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) संघाची गोष्ट निघाली की आधी यादी येते ती ड्राफ्टची, म्हणजे दर वर्षी होणाऱ्या नव्या खेळाडूंच्या निवडीची: "फर्स्ट राउंडचे इतके पिक, वर इतके स्वॅप." पिक म्हणजे एक खेळाडू निवडायचा हक्क, स्वॅप म्हणजे आपला निवडीचा क्रमांक दुसऱ्या संघाशी बदलून घ्यायचा हक्क. आणि दोन वाक्यं जात नाहीत तोच दोन्ही आकड्यांची बेरीज झालेली असते. वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि जाणकार म्हणवणारेही यातून सुटलेले नाहीत. स्वॅपला सरळ "अर्धा पिक" धरणाऱ्यांचा हिशेबही मला मान्य नाही. स्वॅप कधी शून्य असतो, कधी अख्ख्या पिकाच्या तोडीचा असतो. ते कशावर ठरतं, हे न बघता केलेली कुठलीही यादी वाचण्यात वेळ घालवू नये.

पिकाबद्दल आणखी सांगत बसत नाही. तीस संघ, दोन फेऱ्या, हरणाऱ्यांना वरच्या क्रमांकांच्या सोडतीत (लॉटरीत) जास्त संधी, एवढं पुरे. दुसऱ्या फेरीचे पिक घालून आकडा फुगवणं हाही एक जुना रोग आहे. २०१४ साली निकोला योकिचसारखा मोठा तारा दुसऱ्या फेरीतून आला म्हणून दर वर्षी तिथून योकिच निघत नाही. मुद्दा असा की दुसऱ्या संघाचा पिक हाती आला की तो आपल्या स्वतःच्या पिकाच्या जोडीला येतो. एका ड्राफ्टमध्ये दोन खेळाडू.

स्वॅपमध्ये दुसरा खेळाडू येतच नाही. समोरच्या संघाचा क्रम आपल्यापेक्षा वरचा लागला तर अदलाबदल करायची, नाहीतर गप्प बसायचं, एवढाच हा हक्क. रेल्वेत समोरच्याशी बर्थ बदलून घ्यायची मुभा मिळाली म्हणून हातात दुसरं तिकीट येत नाही. आणि खालचा बर्थ आधीच आपल्याकडे असेल तर त्या मुभेला काडीची किंमत नाही.

हे समजायला एकच सौदा पुरेसा आहे. जानेवारी २०२१ मध्ये ह्यूस्टनच्या संघाने आपला तारा जेम्स हार्डन ब्रुकलिनला दिला. बदल्यात ब्रुकलिनचे २०२२, २०२४ आणि २०२६ चे फर्स्ट राउंड पिक कुठलीही अट न घालता मिळाले, आणि २०२१, २०२३, २०२५, २०२७ या वर्षांचे स्वॅप मिळाले. तेव्हा सगळीकडे "सात वर्षं ब्रुकलिनचा ड्राफ्ट ह्यूस्टनच्या खिशात" असं म्हटलं गेलं. आता वर्षवार बघा.

२०२१: ह्यूस्टन १७ सामने जिंकला, ५५ हरला. लीगमध्ये सर्वांत खाली. लॉटरीत दुसरा क्रमांक लागला, जेलन ग्रीन आला. त्या वर्षी ब्रुकलिन ४८ सामने जिंकलेलं, म्हणजे त्यांचा पिक विसाव्या क्रमांकाच्याही बराच मागे. स्वॅप निकामी. २०२३: ह्यूस्टन पुन्हा तळाजवळ, चौथा क्रमांक, अमेन थॉम्प्सन आला. ब्रुकलिन प्लेऑफमध्ये (बाद फेरीत). स्वॅप पुन्हा निकामी. आता मधलं २०२२ घ्या. त्या वर्षीही ह्यूस्टन तितकंच वाईट होतं, तिसऱ्या क्रमांकावर जबारी स्मिथ ज्युनियर आला. पण त्या वर्षी हातात स्वॅप नव्हता, अख्खा पिक होता, म्हणून सतराव्या क्रमांकावर टारी ईसनही आला. मग २०२४ मध्ये ब्रुकलिन घसरलं आणि त्यांच्या पिकावर ह्यूस्टनने तिसऱ्या क्रमांकाला रीड शेपर्ड घेतला.

तेच दोन संघ, तोच करार, तीच माणसं. पिकांच्या दोन वर्षांत दोन कामाचे खेळाडू आले, स्वॅपच्या दोन वर्षांत कुणी आलं नाही. हा दैवाचा खेळ नव्हता. पुनर्बांधणीत पहिली तीन-चार वर्षं आपण स्वतःच हरणार हे ठरलेलं असतं. मग त्याच वर्षांचे स्वॅप घेऊन करायचं काय? "आम्हाला लगेच दोन स्वॅप मिळाले" असं तळाच्या संघाचा चाहता आनंदाने सांगतो तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्याच्या संघाने कागदाची भर घेतलेली असते.

स्वॅप फळतो तो घेणारा वर आणि देणारा खाली असेल तेव्हा. २०१३ मध्ये ब्रुकलिनने केविन गार्नेट आणि पॉल पीअर्स यांच्यासाठी बॉस्टनला तीन पिक आणि २०१७ चा एक स्वॅप दिला. २०१७ उजाडेपर्यंत बॉस्टन ५३ सामने जिंकून पूर्व विभागात पहिलं होतं आणि ब्रुकलिन २० विजयांसह लीगमध्ये शेवटचं. बॉस्टनने सत्ताविसावा क्रमांक देऊन पहिला घेतला. तो पुढे फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक पिक मिळवला, आणि तिसऱ्यावर जेसन टेटम घेतला. म्हणून "बॉस्टनला चार पिक मिळाले" हे वाक्य त्या एका सौद्यापुरतं जवळजवळ खरं ठरलं, आणि तेव्हापासून लोक प्रत्येक स्वॅपकडे त्याच नजरेने बघायला लागले. त्याच्या शेजारी ओक्लाहोमा सिटीचं २०२५ ठेवा. ६८ सामने जिंकलेला संघ, पिक तिसावा. पॉल जॉर्ज लॉस एंजेलिस क्लिपर्सला दिला त्या २०१९ च्या सौद्यातला स्वॅप वापरून क्लिपर्सचा चोविसावा मिळाला. सहा पायऱ्यांचा फायदा. त्याच सौद्यातून २०२२ चा जो अख्खा पिक आला होता त्यातून जेलन विल्यम्स मिळाला, आणि तो २०२५ च्या विजेतेपदात होता.

मग स्वॅप इतके दिले-घेतले का जातात? कारण नियम. पुढच्या सलग दोन वर्षी संघाकडे फर्स्ट राउंडचा एकही पिक नाही, असा सौदा चालत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला क्लीव्हलँडचे मालक टेड स्टेपियन यांनी पिक वाटून संघाची जी दैना केली, त्यातून आलेला हा नियम. स्वॅप दिला तरी कुठला ना कुठला पिक हातात उरतोच, म्हणून तो नियमात बसतो. फिनिक्सची कागदपत्रं काढा: केविन ड्युरँटसाठी २०२३, २०२५, २०२७, २०२९ चे पिक आणि २०२८ चा स्वॅप ब्रुकलिनला, आणि मग ब्रॅडली बीलसाठी २०२४, २०२६, २०२८, २०३० चे स्वॅप वॉशिंग्टनला. विषम वर्षी पिक, सम वर्षी स्वॅप. म्हणजे स्वॅप हा बहुधा "पिक देता येत नाही, तर हे घ्या" असा असतो. घेणाऱ्याने तो तसाच समजून घ्यावा.

देणाऱ्याच्या बाजूने मात्र हाच हलका वाटणारा कागद फार जड होऊ शकतो, आणि ते कुणी सांगत नाही. पुनर्बांधणीतल्या संघाची सर्वांत मोठी पुंजी म्हणजे त्याचा स्वतःचा पिक. तो एखाद्या बलवान संघाच्या स्वॅपखाली असेल तर हरण्यात काही अर्थच उरत नाही. जून २०२४ मध्ये ब्रुकलिनने मिकाल ब्रिजेसला न्यूयॉर्ककडे पाठवून पाच फर्स्ट राउंड पिक मिळवले, त्यावर सगळे बोलले. माझ्या मते त्या आठवड्यातला त्यांचा खरा शहाणपणा ह्यूस्टनशी केलेल्या दुसऱ्या सौद्यात होता: फिनिक्सच्या ड्राफ्टवरचे काही हक्क देऊन त्यांनी आपला २०२५ चा स्वॅप आणि २०२६ चा पिक सोडवून घेतला. २०२४-२५ मध्ये ह्यूस्टन ५२ सामने जिंकलं, ब्रुकलिन २६. स्वॅप सोडवला नसता तर ब्रुकलिनचा आठवा क्रमांक ह्यूस्टनला गेला असता. तो वाचला आणि त्यावर येगोर द्योमिन आला. दिलेल्या हक्कातून ह्यूस्टनने सत्ताविसावा देऊन फिनिक्सचा दहावा क्रमांक उचलला आणि पुढे तो फिनिक्सकडून ड्युरँटला आणण्याच्या सौद्यात वापरला. ही किंमत मोजणं योग्यच होतं.

प्रोटेक्टेड पिकाबद्दल थोडक्यात, कारण तिथे गोंधळ कमी आहे. पिक वरच्या ठरावीक क्रमांकांत लागला तर देणाऱ्याकडेच राहतो. २०२५ मध्ये फिलाडेल्फियाचा पिक ओक्लाहोमा सिटीला जायचा होता, पण तो पहिल्या सहांत लागला तर नाही, अशी अट होती. तिसरा लागला, राहिला. अट वाचली की विषय संपतो. त्रास एवढाच की अटीमुळे संघ शेवटच्या आठवड्यात मुद्दाम हरतात. २०२३ मध्ये डॅलसने आपला पिक न्यूयॉर्कला जाऊ नये म्हणून शेवटी खेळाडू बसवले आणि साडेसात लाख डॉलर दंड भरला.

खेळाडूंची किंमतही याच हिशेबाला बांधलेली असते, आणि ती वेगळ्या रकान्यात मोजणं मला पटत नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रुकलिनने कॅम जॉन्सन देऊन डेन्व्हरकडून मायकल पोर्टर ज्युनियर आणि २०३२ चा अट नसलेला पिक घेतला. मला विचाराल तर तो एक लांबचा, मोकळा पिक जवळच्या तीन स्वॅपपेक्षा जास्त मोलाचा आहे. २०३२ पर्यंत डेन्व्हर कुठे असेल हे कुणी सांगू शकत नाही, आणि तो कुठेही लागला तरी ब्रुकलिनला एक जादा खेळाडू मिळणारच. पोर्टरचा करार २०२६-२७ पर्यंतचा. आता २०२४ च्या सौद्यात काय सोडवलं नाही ते बघा: २०२७ चा स्वॅप ह्यूस्टनकडेच राहिला. म्हणजे २०२५-२६ मध्ये हरल्याचं फळ ब्रुकलिनला स्वतःला मिळणार होतं, पण २०२६-२७ मध्ये ह्यूस्टन पुढे राहिलं तर ते ह्यूस्टनला मिळणार. तेव्हा पोर्टरसारखा भरपूर गुण करणारा माणूस एका हंगामात विकाऊ असतो आणि पुढच्या हंगामात ठेवण्यासारखा, खेळ तोच असूनही.

ब्रुकलिनच्या यादीत २०२८ साठी न्यूयॉर्क आणि फिनिक्स अशा दोघांवरचे स्वॅप लिहिलेले दिसतील. ते दोन मोजू नका. बदलायला ब्रुकलिनकडे त्या वर्षी आपला पिक एकच आहे, म्हणून दोन स्वॅप मिळून फार तर तिघांतला सर्वांत वरचा क्रमांक त्यांच्या हाती येईल. आणि ब्रुकलिन स्वतःच गुणतक्त्यात त्या तिघांत तळाला असेल तर वरचा क्रमांक आधीच त्यांचा, मग स्वॅपचा तेवढाही फायदा नाही.