जड क्लच म्हणजे दणकट क्लच?

क्लच जळाला की येणारा तो कडवट, घशाला लागणारा वास रबराचा नसतो. इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या-तोडणाऱ्या क्लच प्लेटच्या दोन्ही बाजूंना रिव्हेटने बसवलेल्या अस्तरात काचेचे तंतू असतात, कधी पितळेची तार असते आणि हे सगळं धरून ठेवणारं फिनॉलिक रेझिन असतं. ते रेझिन जळू लागल्याचा हा वास. गोव्यात भर पावसात तांबड्या चिखलात भरणारी ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा, रेनफॉरेस्ट चॅलेंज, 2014 साली सुरू झाली. असल्या स्पर्धांच्या तयारीत विंच, टायर, स्नॉर्केल यांवर लोक तासन्‌तास बोलतात. क्लचची आठवण मात्र वास आल्यावरच होते. मग गिअरबॉक्स उतरवलेलाच आहे तर कंपनीच्या ऐवजी ‘हेवी ड्यूटी’ क्लचच टाकू, असं ठरतं. माझ्या मते हा निर्णय निम्म्या वेळा चुकीचा ठरतो. का, ते पाहू.

क्लच किती टॉर्क (फिरवण्याचा जोर) पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: अस्तराचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या जड चाकावर, दाबणाऱ्या चकतीचा) दाब, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. चौघांचा सरळ गुणाकार. घर्षणांक 0.3, दाब 7000 न्यूटन (म्हणजे सुमारे 700 किलो वजनाइतका), त्रिज्या 10 सेंटिमीटर आणि पृष्ठभाग 2 धरले, तर उत्तर येतं 420 न्यूटन-मीटर. 2020 मध्ये आलेल्या महिंद्रा थारच्या मॅन्युअल डिझेलचा कमाल टॉर्क 300 आहे. अशा इंजिनाला हा क्लच आरामात पुरतो. पण तापून घर्षणांक 0.2 वर उतरला की तोच क्लच 280 वर येतो आणि पूर्ण टॉर्कला घसरू लागतो. घसरला की आणखी तापतो, तापला की आणखी घसरतो.

ही उष्णता किती, याचा अंदाज सहसा कुणाला नसतो. माणसांसकट 1900 किलोची गाडी 20 अंशांच्या चढावर हाफ क्लचवर नुसती थोपवून धरली आहे असं समजा. पहिल्या गिअरची एकूण घट (चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे) 16 पट आणि चाकाची त्रिज्या 37 सेंटिमीटर धरली, तर क्लचला साधारण 147 न्यूटन-मीटर पेलावे लागतात. इंजिन 1500 आरपीएमवर असेल तर क्लचमध्ये सुमारे 23 किलोवॅट उष्णता तयार होते. घरातले दोन किलोवॅटचे अकरा-बारा गीझर एका बंद डब्यात चालू ठेवल्यासारखं! अर्धी उष्णता पाच किलोच्या प्रेशर प्लेटमध्ये गेली, तर तिचं सरासरी तापमान दर सेकंदाला चार-साडेचार अंशांनी वाढतं, आणि घासणारा पृष्ठभाग त्याच्याही पुढे असतो. बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या धातूच्या आवरणाच्या, आत हवा खेळत नाही. अर्ध्या मिनिटात अस्तराचा निकाल लागू शकतो.

झिजेचं गणित आणखी मजेशीर आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत दाब देणारी स्प्रिंग म्हणजे वाटीच्या आकाराची, मधे फटी असलेली पोलादी चकती, डायफ्राम स्प्रिंग. तिचा दाब सरळ रेषेत बदलत नाही. अस्तर झिजत जातं तसा दाब आधी थोडा वाढतोसुद्धा, आणि एका टप्प्यानंतर झपाट्याने उतरतो. म्हणून ‘कालपर्यंत तर ठीक होता’ असं सांगणारा गाडीमालक खोटं बोलत नसतो. उंच गिअरला चढावर आरपीएम वाढतो आणि वेग जागचा हलत नाही, ही घसरण्याची पहिली खूण.

उतरवलेल्या जुन्या सेटकडे नीट बघितलं तर त्याची सगळी कुंडली वाचता येते. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं 0.3 मिलिमीटरहून कमी खोल उरलं असेल तर प्लेट संपली. फ्लायव्हीलवर निळसर डाग आणि केसांएवढ्या भेगा दिसल्या तर ते तापलं होतं. एका बाजूला तेलकट काळेपणा असेल तर इंजिनाच्या क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील आधी बदला, नाहीतर नवी प्लेटही त्याच वाटेने जाईल. आणि ती काळी भुकटी हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, आणि ते फुप्फुसात गेलं तर काय होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे.

आता अपग्रेड. गुणाकारातला कोणता आकडा वाढवायचा हाच प्रश्न. सिरॅमिक-धातूच्या बटणांची प्लेट घर्षणांक वाढवते आणि रेझिनच्या अस्तरापेक्षा कितीतरी जास्त तापमान सोसते. पण तिच्यात दोन अस्तरांमधली लवचीक पोलादी पट्टी बहुधा नसते, म्हणून ती हळू पकडत नाही, झटक्यात पकडते. खडकांवरून इंच-इंच पुढे जाताना तो झटका चाकांना ताकद पोचवणाऱ्या प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन आणि सीव्ही जॉइंटपर्यंत पोचतो. पूर्वी घसरून ज्याने मार खाल्ला तो क्लच वाचतो आणि अ‍ॅक्सल मोडतो. शर्यतीच्या गाडीला ती शोभते. दुर्गम वाटांवर सावकाश चालवणाऱ्याने मात्र जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि चांगल्या प्रतीचं नेहमीचं किंवा केव्हलारचं (मजबूत कृत्रिम तंतूंचं) अस्तर घ्यावं, असं माझं मत. दाब वाढला की पेडल जड होतं, शिवाय पेडल दाबलेलं असताना क्रँकशाफ्टला पुढेमागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवरचा भारही वाढतो. म्हणजे दाबही बेताबेतानेच वाढवायचा. हलक्या फ्लायव्हीलचा मोह तर अजिबात नको. इथे जड फ्लायव्हीलच कामाचं, कारण ते उष्णता जास्त रिचवतं आणि कमी आरपीएमला इंजिन बंद पडू देत नाही. बऱ्याच डिझेल गाड्यांत असलेलं दोन वस्तुमानांचं (मधे स्प्रिंगने जोडलेलं, ड्युअल-मास) फ्लायव्हील काढून अखंड टाकलं, तर गिअरबॉक्सची खडखड वाढते. ती खडखड ऐकून लोक गिअरबॉक्स खोलायला निघतात.

खरं तर वरच्या 147 न्यूटन-मीटरमधला मोठा हिस्सा क्लचला हात न लावता कमी करता येतो. फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा संथ गिअर) घातलं की जिम्नीसारख्या गाडीत घट दुप्पट होते. तोच चढ, तोच आरपीएम, पण क्लचवरचा टॉर्क निम्मा आणि उष्णताही निम्मी. उलट टायर 30 इंचांचे 33 केले की घट नऊ-दहा टक्के हलकी पडते आणि प्रत्येक सुरुवातीला क्लचला तेवढं जास्त घासावं लागतं. मोठे टायर घालून वर्षभरात दोन क्लच संपवणाऱ्याने तिसऱ्या क्लचऐवजी, घट परत मिळवण्यासाठी, डिफरन्शिअलची क्राउन-पिनियन बदलण्याचा खर्च काढून बघावा.

बसवताना फ्लायव्हील लेथवर सपाट (फेस) करून घ्या आणि नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक तेलाचा थर क्लीनरने पुसा. स्प्लाइनला (प्लेट ज्या खाचांवर सरकते त्यांना) ग्रीस लावायचं ते नखभर, जास्त लावलं तर फिरताना उडून अस्तरावरच येतं. प्लेट डमी शाफ्टवर मधोमध धरून बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. त्यानंतर पहिले काहीशे किलोमीटर शहरातल्या साध्या वापरात काढायचे. अस्तर आणि लोखंड एकमेकांना पूर्ण चिकटून बसेपर्यंत घासणारं क्षेत्रफळ कमी असतं, त्यामुळे नवा कोरा क्लच पहिल्याच रविवारी चिखलात नेला तर तो जुन्यापेक्षा लवकर तापतो.