जेवणघरातला गालिचा आणि कोकणची दमट हवा

कोकणातल्या नव्या घरांत जेवणासाठी स्वतंत्र खोली आणि तीत सहा खुर्च्यांचे टेबल ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे, आणि त्या टेबलाखाली गालिचा असावा ही हौसही तिच्यामागून आली आहे. अशा वेळी दुकानदार, नातेवाईक आणि गृहसजावटीचे व्हिडिओ एकमुखाने सांगतात की नैसर्गिक धाग्याचाच गालिचा घ्यावा, कारण तो ‘श्वास घेतो’ आणि दमट हवेत तोच टिकतो. सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी या सल्ल्याने फारसे नुकसान होणार नाही. रत्नागिरीत मात्र वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ऐन पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर असते. तिथे हाच सल्ला अंगलट येतो. याचे कारण धाग्याच्या रेणूंमध्ये आहे, आणि ते मुळापासून समजून घेण्यासारखे आहे.

कापूस आणि ताग यांचा मुख्य घटक सेल्युलोज हा आहे. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांबच लांब साखळी, आणि तिच्या प्रत्येक एककावर हायड्रॉक्सिलचे, म्हणजे ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोडीचे, पाण्याला ओढणारे तीन गट असतात. काही भागांत या साखळ्या एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की हे गट आपापसातच हायड्रोजन बंधांनी (रेणूंमधल्या सौम्य आकर्षणाने) जोडले जातात आणि पाण्याच्या रेणूला आत शिरायला वाव राहत नाही. हे झाले स्फटिकी भाग. त्यांच्या अधल्यामधल्या विस्कळीत भागांत मात्र मोकळे गट शिल्लक असतात, आणि हवेतल्या बाष्पाचे रेणू तिथे येऊन चिकटतात. लोकरीत सेल्युलोज नसते, पण तिच्या केराटिन या प्रथिनातही पाण्याला ओढून घेणारे असे गट भरपूर असतात. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता या प्रमाणित स्थितीत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के, ताग १३ ते १४ टक्के आणि लोकर सुमारे १६ टक्के पाणी धरून ठेवते. त्याच स्थितीत नायलॉन सुमारे ४ टक्के आणि पॉलिएस्टर ०.४ टक्के पाणी धरते, तर पॉलिप्रॉपिलीन हा प्लास्टिकचा धागा जवळजवळ काहीच धरत नाही.

आर्द्रता वाढते तसे हे प्रमाण सरळ रेषेत वाढत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. सुरुवातीचे रेणू थेट धाग्याच्या गटांना घट्ट बांधले जातात, नंतर येणारे रेणू आधीच बसलेल्या रेणूंवर सैलपणे साचत जातात, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पलीकडे गेली की आलेखाची रेषा एकदम चढी होते. कोरडा असताना १० किलो भरणाऱ्या लोकरीच्या गालिच्यात ६५ टक्के आर्द्रतेला १.६ किलो पाणी असते, तर पूर्ण संपृक्त हवेत ते ३ किलोंहून अधिक होते, आणि तरीही गालिचा हाताला ओला लागत नाही. बुरशीच्या उपयोगी पडते ते हेच सैल पाणी. पृष्ठभागालगतची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की घरात आढळणाऱ्या बहुतेक बुरशी तिथे वाढू शकतात. शिवाय, सुकत आलेला धागा त्याच आर्द्रतेला भिजत चाललेल्या धाग्यापेक्षा जास्त पाणी धरून असतो. त्यामुळे श्रावणात दोन दिवस उघडीप मिळाली, तरी तेवढ्याने गालिचा कोरडा होत नाही.

खोलीतली आर्द्रता आणि गालिच्याखालची आर्द्रता यांत आणखी फरक पडतो. हवा ३० अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, सुमारे २७ अंश येतो. तळमजल्याची फरशी साडेसत्तावीस अंशांवर असली, तर तिला लागून असलेल्या हवेची आर्द्रता तब्बल ९८ टक्के होते. वर अंथरलेला जाड गालिचा खोलीची ऊब फरशीपर्यंत पोहोचू देत नाही आणि वारा तर मुळीच लागू देत नाही. विहिरी काठोकाठ भरतात त्या दिवसांत जमिनीतूनही ओल वर चढत असते, आणि गालिच्याच्या पाठीला लॅटेक्सचा (रबराचा) थर असेल तर ती त्याच्याखाली कोंडली जाते. गालिचा उचलल्यावर कुबट वास येतो आणि फरशीवर काळसर ठिपके दिसतात, ते यामुळेच.

मग पॉलिप्रॉपिलीनचा गालिचा घेतला की प्रश्न मिटला का? पुरता नाही. हा धागा पाणी शोषत नाही आणि बुरशीचे अन्नही होत नाही, परंतु जेवणघरात भाताची शिते, भाकरीचा चुरा आणि धूळ धाग्यांच्या मुळाशी साठते, आणि बुरशी त्यांच्यावर वाढते. ‘अँटीबॅक्टेरियल’ अशी चिठ्ठी लावलेल्या गालिच्यालाही हेच लागू आहे. धाग्यावर केलेली प्रक्रिया त्यावर सांडलेल्या वरणभातात उतरत नाही. किनाऱ्यालगतच्या घरांत मिठाचीही भर पडते. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेल्या कणांतले सोडियम क्लोराइड सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून विरघळते, आणि समुद्राच्या मिठात असलेले मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. असे खारावलेले कापड उन्हाळ्यातही चिकट राहते. झाडूने किंवा व्हॅक्यूमने हे मीठ पुरते जात नाही. त्यासाठी गालिचा गोड्या पाण्याने धुवावाच लागतो, आणि म्हणून धुता येणार नाही असा गालिचा इथे घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

डागांच्या बाबतीत निर्णय जरा अवघड होतो. माशाच्या आमटीतली हळद आणि मिरची यांचे रंग तेलात विरघळणारे आहेत. हळदीतले कुर्क्युमिन कापूस आणि लोकर या दोन्ही धाग्यांना रंगवते. साबणाच्या अल्कलीने ते लालसर होते, पण कडक उन्हात त्याचा रेणू मोडतो आणि डाग फिका पडतो. पॉलिप्रॉपिलीनला पाण्यातून रंग चढत नाही, म्हणून त्याचा रंग धागा ओढण्यापूर्वीच वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळलेला असतो. मात्र त्याला तेलाची ओढ आहे आणि सतत उन्हात राहिल्यास ते ठिसूळ होते. म्हणजे हळदीवरचा जो उपाय कापसाला मानवतो, तो इथे बेतानेच करावा लागतो.

गालिच्याचा रंग आणि दिशा वास्तुशास्त्राप्रमाणे ठरवावी म्हणजे अन्नाला बरकत येते, असेही सल्ले दिले जातात. त्यांना कसलाही आधार नाही, आणि त्यापायी ओलसर भिंतीलगतच्या कोपऱ्यात गालिचा सरकवणे हे तर उघड नुकसानीचे आहे.

माप मात्र काळजीपूर्वक घ्यावे. खुर्ची मागे ओढल्यावर तिचे मागचे पाय गालिच्यावरच राहावेत यासाठी टेबलाच्या चारही बाजूंना किमान ६० सेंटिमीटर गालिचा हवा, म्हणजे १५० बाय ९० सेंटिमीटरच्या टेबलाला २७० बाय २१० सेंटिमीटरचा लागतो. विणकाम सपाट असावे. उंच लव असली की खुर्ची अडते आणि चुरा आत दडतो. काथ्यात लिग्निन हा लाकडाला कठीणपणा देणारा घटक भरपूर असल्यामुळे तो सहजी कुजत नाही, परंतु तो पायाला टोचतो आणि त्याच्या खरखरीत विणीतून शिते निघत नाहीत, तेव्हा तो उंबऱ्याशीच बरा.

माझ्या मते ऑक्टोबर ते मे सुती सतरंजी हीच कोकणातल्या जेवणघराला सर्वांत योग्य आहे, कारण ती धुता येते, उन्हात टाकता येते आणि दोन माणसांना सहज उचलता येते. बारमाही काही अंथरायचेच असेल तर लॅटेक्सची पाठ नसलेला, सपाट विणीचा पॉलिप्रॉपिलीन गालिचा घ्यावा, आणि पावसाळ्यात तो आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी पंख्याखाली कोरडी करावी. सतरंजी मेअखेरीस गोड्या पाण्याने धुवून कडक उन्हात वाळवावी, सावलीत गार झाल्यावर गुंडाळून जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करावी आणि जमिनीपासून उंच, माळ्यावर ठेवावी. थोडी जरी दमट असताना बांधली, तर तीच पिशवी ओल आत कोंडून ठेवते.