थंड टोकाचा ॲब्लेशन कॅथेटर

हृदयाची लय बिघडवणारी जागा शोधणे, ती उष्णतेने निकामी करणे आणि हे होत असताना स्वतःचे टोक सलाइनने थंड ठेवणे, ही तीन कामे एकाच वेळी करणारी बारीक वैद्यकीय नळी म्हणजे हा कॅथेटर; जागा अशी निकामी करण्याला ॲब्लेशन म्हणतात. जांघेतील शिरेतून आत घालून तो हृदयाच्या कप्प्यापर्यंत नेतात. बाहेरून त्याची जाडी साधारण अडीच मिलिमीटर, लांबी मीटरभरापेक्षा थोडी जास्त आणि टोकाचा प्लॅटिनम-इरिडियमचा इलेक्ट्रोड बहुधा साडेतीन मिलिमीटर लांब असतो.

छाती न उघडता कॅथेटरने हृदयातील विद्युतमार्ग तोडण्याची पद्धत सॅन फ्रान्सिस्को येथील मेल्विन शाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या वेळी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, विजेचा झटका वापरत. रुग्णाला पूर्ण भूल द्यावी लागे आणि झटक्याचा जोर आवरता येत नसे. दशकाच्या उत्तरार्धात त्याची जागा रेडिओ वारंवारतेच्या प्रवाहाने घेतली. सुमारे ५०० किलोहर्ट्‌झचा हा प्रवाह टोकातून निघून ऊतींमधून रुग्णाच्या पाठीवर किंवा मांडीवर चिकटवलेल्या पट्टीकडे जातो. त्याची दिशा इतक्या वेगाने बदलत राहते की त्याने स्नायू आकसत नाहीत, फक्त तापतात.

प्रवाहाने प्रत्यक्ष तापतो तो टोकाला लागून असलेला एक-दोन मिलिमीटरचा थर. त्याखालचा भाग त्या थरातून झिरपणाऱ्या उष्णतेने तापतो. ऊती ५० अंश सेल्सिअसच्या वर गेल्या की कायमच्या निकामी होतात, म्हणून खोल व्रण (निकामी झालेला डाग) हवा असेल तर जास्त शक्ती द्यावी लागते. पण पृष्ठभाग १०० अंशांजवळ पोहोचला की रक्तातील प्रथिने करपून टोकाला चिकटतात, विद्युतरोध एकदम वाढतो आणि प्रवाह थांबवावा लागतो. त्या करपलेल्या थराचा तुकडा सुटून डाव्या कप्प्यातून मेंदूकडे गेला, तर पक्षाघात होऊ शकतो. १९९८ मध्ये फ्रान्समधील बोर्दोच्या मिशेल हेसागेर यांच्या गटाने एट्रियल फिब्रिलेशनची (हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीची) ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसशिरांमध्ये पडते हे दाखवले. तेव्हापासून डाव्या कर्णिकेत, म्हणजे हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात, त्या शिरांच्या मुखांभोवती व्रणांची अखंड कडी काढणे हे नेहमीचे काम झाले आणि टोक थंड ठेवण्याची निकड वाढली.

थंड करण्याचे दोन मार्ग आहेत. बंद पद्धतीत द्रव टोकापर्यंत जाऊन आतल्या आतच परत येतो. उघड्या पद्धतीत सलाइन टोकाच्या छिद्रांतून थेट रक्तात सुटते. प्रत्यक्षात उघडी पद्धत रुळली, कारण तिच्यात इलेक्ट्रोडबरोबर त्याला टेकलेला ऊतीचा पृष्ठभागही थंड राहतो. सुरुवातीच्या टोकांना पुढच्या बाजूला सहा छिद्रे असत. पण प्रवाहाची घनता इलेक्ट्रोडच्या कडांशी सर्वाधिक असते, आणि मागची कड कोरडीच राहून तापे. पुढे टोकभर ५६ बारीक छिद्रे पाडलेली रचना आली आणि निम्म्या सलाइनमध्ये काम भागू लागले. ही बचत छोटी नाही. मिनिटाला ३० मिलिलिटर दराने तासभर प्रवाह चालला, तर १.८ लिटर पाणी आणि मीठ रुग्णाच्या रक्तात उतरते. हृदय आधीच दुबळे असेल तर हा भार फुप्फुसांवर येतो.

या साधनाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. थंडावा मिळतो, पण त्याच थंडाव्यामुळे तापमान कळेनासे होते. १९९५ मध्ये नाकागावा, जॅकमन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या मांडीच्या स्नायूवर केलेल्या प्रयोगात सलाइनने भिजलेला इलेक्ट्रोड सुमारे ३८ अंश दाखवत होता, तर साडेतीन मिलिमीटर खोलीवरचा स्नायू सुमारे ९५ अंशांवर गेला होता. सर्वांत गरम जागा पृष्ठभागाखाली सरकली होती, आणि टोकातले थर्मोकपल (तापमान मोजणारा संवेदक) तिच्याविषयी काहीच सांगत नव्हते. तिथे पाणी उकळले तर वाफेचा बुडबुडा फुटतो, कधी कधी तो ‘फट्’ असा ऐकूही येतो. भिंत पातळ असेल तर तिला भोक पडून हृदयाभोवती रक्त साचू शकते. गेल्या तीन दशकांत या कॅथेटरमध्ये जे संवेदक वाढत गेले, ते बहुतांशी हे हरवलेले ज्ञान दुसऱ्या वाटेने परत मिळवण्यासाठी, असे म्हणायला हरकत नाही.

पहिली वाट विद्युतरोधाची. ऊती तापल्या की रोध उतरतो. दहाएक ओहमची उतरण समाधानकारक मानतात, वेगाने होणारी मोठी उतरण हा धोक्याचा इशारा असतो. दुसरी वाट दाबाची. टोक स्नायूला नुसते टेकले आहे की रुतले आहे, हे हाताला नीट कळत नाही. एका रचनेत टोकामागे तीन प्रकाशतंतू असतात. टोक दाबले गेले की तंतूंवर कोरलेल्या जाळ्या ताणल्या जाऊन परावर्तित प्रकाशाची तरंगलांबी बदलते. दुसऱ्या रचनेत बारीक स्प्रिंग आणि चुंबकीय संवेदक ते मोजतात. दोन्हींना अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दहा ग्रॅमपेक्षा कमी दाबाच्या व्रणांतून विद्युतमार्ग पुढे पुन्हा सुरू होण्याची शक्यता जास्त, म्हणून दाब आणि वेळ यांचा हिशेब ४०० ग्रॅम-सेकंदांच्या पुढे ठेवण्याचा प्रघात पडला.

तिसरी वाट थेट तापमानाकडेच परतते. टोकात हिऱ्याचा भाग बसवला की उष्णता झपाट्याने पसरते, सलाइन कमी लागते, आणि पृष्ठभागालगतची सहा थर्मोकपल्स ऊतीच्या जास्त जवळचे तापमान वाचतात. अशा कॅथेटरला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. सहा थर्मोकपल्सच्याच आधाराने ९० वॅट फक्त चार सेकंद देण्याची पद्धतही आली. एवढ्या थोड्या वेळात उष्णता रुंद पसरते पण खोल जात नाही. डाव्या कर्णिकेच्या मागच्या पातळ भिंतीलगत अन्ननलिका असल्याने तिथे हा फायदाच ठरतो.

हे सगळे अडीच मिलिमीटरच्या नळीत मावले पाहिजे: शक्तीची वायर, हृदयाचे संकेत टिपणाऱ्या कड्यांच्या वायरी, थर्मोकपल, प्रकाशतंतू, स्थान सांगणारे चुंबकीय वेटोळे, टोक वळवणारी ओढतार आणि सलाइनचा मार्ग. प्रत्येक नवा संवेदक सलाइनच्या वाट्याची जागा खातो. मार्गाचा व्यास निम्मा झाला तर तेवढेच सलाइन ढकलायला सोळा पट दाब लागतो, आणि तो सांध्यांनी सोसायला हवा. त्यातच काही मिलिव्होल्टचा हृदयसंकेत रेडिओ प्रवाहाच्या शेजारून न्यायचा, म्हणून संकेत वेगळा काढणाऱ्या विद्युत गाळण्या (फिल्टर) काटेकोर लागतात.

नव्या कॅथेटरची चाचणी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवलेल्या प्राण्याच्या हृदयस्नायूवर सुरू होते. व्रण मधोमध कापून टेट्राझोलियम या रंग देणाऱ्या रसायनाच्या द्रावणात बुडवला की जिवंत स्नायू लाल होतो, मेलेला फिकट राहतो आणि खोली थेट पट्टीने मोजता येते.

२०२३ च्या अखेरपासून अमेरिकेत मान्य झालेले पल्स्ड फील्ड कॅथेटर उष्णतेऐवजी अतिसूक्ष्म काळाच्या विद्युत स्पंदांनी पेशींच्या आवरणांना छिद्रे पाडतात. तरी उष्णता हद्दपार झालेली नाही. २०२४ मध्ये मान्य झालेल्या एका कॅथेटरला नऊ मिलिमीटरचे, नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या जाळीचे, मिटून नळीतून जाणारे टोक आहे. ते दोन्ही प्रकारची ऊर्जा देते, त्याच्या पृष्ठभागावरचे छोटे इलेक्ट्रोड संकेत आणि तापमान टिपतात, आणि जाळीच्या आतून सलाइन वाहत राहते.