कमांड आठवत नाही? 'ॲप्रोपो'ला विचारा

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरायची तर शेकडो कमांड (संगणकाला लिहून द्यायचे हुकूम) तोंडपाठ हव्यात, हा समज पार चुकीचा आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये युनिक्सची, म्हणजे लिनक्स जिच्या धर्तीवर बनली त्या सिस्टिमची, पहिली माहितीपुस्तिका काढली, तिच्यावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्याच पद्धतीची पुस्तिका आज लिनक्सच्या बहुतेक संगणकांत आधीपासूनच असते. टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, 'मॅन' (man) आणि पुढे कमांडचं नाव लिहा, पान उघडतं. तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की तो पानात सापडतो, 'क्यू' दाबलं की बाहेर. इंटरनेट लागतच नाही.

पण नावच आठवत नसेल तर? त्यासाठी 'ॲप्रोपो' (apropos) ही कमांड आहे, तिच्यापुढे कामाचा इंग्रजी शब्द लिहायचा. मला या सगळ्यात तीच सर्वांत आवडते. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला 'नेम' हा भाग असतो. त्यात नाव, मग आडवी रेघ, मग कामाचं अगदी थोडक्यात वर्णन. 'मॅनडीबी' (mandb) नावाचा प्रोग्रॅम सगळी पानं चाळून फक्त तेवढाच मजकूर उचलतो आणि त्याची सूची बनवून ठेवतो. ॲप्रोपो शोधते ती या सूचीत, पानांच्या पोटात नाही. म्हणून उत्तर क्षणात येतं आणि म्हणूनच कधीकधी हुकतंही. फाइल पुसायची म्हणून 'डिलीट' शोधलं तर 'आरएम' (rm) ही नेहमीची कमांड यादीत दिसत नाही, कारण तिच्या वर्णनात शब्द आहे 'रिमूव्ह'. दुसरा शब्द घालून पाहा, सापडेल. लेखकाने नाव, रेघ, वर्णन ही मांडणी बिघडवली तर पान असूनही सूचीत चढत नाही. आणि प्रत्येक शब्दाला 'नथिंग ॲप्रोप्रिएट' असंच उत्तर येऊ लागलं, तर बहुधा सूचीच तयार झालेली नसते. प्रशासकाच्या अधिकाराने मॅनडीबी एकदा चालवावी.

यादीत नावापुढे कंसात आकडा असतो, तो विभागाचा. १ म्हणजे रोजच्या कमांड, ३ म्हणजे प्रोग्रॅमरांची फंक्शन्स, ५ म्हणजे फाइलींची मांडणी. 'क्रॉनटॅब' (crontab) ही ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवण्यासाठीची कमांड घ्या. 'मॅन क्रॉनटॅब' लिहिलं की कमांडचं पान येतं. वेळापत्रकातले मिनिट, तास, तारीख, महिना, वार कसे लिहायचे हे मात्र 'मॅन ५ क्रॉनटॅब' मध्ये आहे. नवशिके इथेच अडकतात आणि पुस्तिकेला नावं ठेवतात.

व्हॉट्सॲपवर फिरणारी किंवा चॅटबॉटने सुचवलेली कमांड डोळे झाकून चालवणं हा तोडग्यावर विश्वास ठेवण्याचाच प्रकार आहे. 'सेड' (sed) या मजकूर बदलणाऱ्या कमांडचा, मूळ फाइलच बदलणारा '-आय' (-i) पर्याय लिनक्सवर एकटा चालतो, मॅकवर त्याच्यापुढे बॅकअप फाइलीच्या नावाला जोडायचं शेपूट लिहावंच लागतं, रिकामं का असेना. तुमच्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे हे त्या यंत्रातल्या पानालाच ठाऊक असतं.

फोल्डर बदलणाऱ्या 'सीडी' (cd) कमांडचं पान मात्र बऱ्याचदा मिळत नाही. ती कमांड बॅश शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड समजून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, आतच असते. 'टाइप सीडी' लिहून ते तपासा आणि 'हेल्प सीडी' लिहून माहिती वाचा.