एसएसीडी कुणामुळे अडली, कुणामुळे टिकली

ओप्पोने २०१८ मध्ये डिस्क प्लेअरच्या धंद्यातून अंग काढून घेतले, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणे थांबवले आणि २०२४ च्या अखेरीस एलजीनेही तेच केले. हाय-रेझ डिस्कचे, म्हणजे सीडीपेक्षा जास्त तपशिलाने आवाज साठवणाऱ्या एसएसीडीसारख्या डिस्कचे, पुढे काय, ही चर्चा दरवेळी अशा बातमीमागून येते, आणि ते बरोबरच आहे. डिस्क अजून छापल्या जातात, घेणारेही आहेत. खरा पेच वाजवायच्या यंत्राचा आहे, आणि त्याची मुळे १९९९ मध्ये सापडतात.

सीडीची पेटंटे तेव्हा संपत आली होती. प्रत्येक सीडीमागे सोनी आणि फिलिप्सच्या तिजोरीत पडणारी रॉयल्टी आटणार होती, त्यामुळे सुपर ऑडिओ सीडी (एसएसीडी) आणण्यामागे चांगल्या आवाजाइतकाच हाही हिशेब होता. सीडीवर १६ बिटांचे नमुने सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले असतात. एसएसीडीवरच्या डीएसडी पद्धतीत नमुना फक्त १ बिटाचा, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे बरोबर ६४ पट. ७४ मिनिटांचे स्टिरिओ आणि सहा चॅनेलचे सराउंड असे दोन्ही मिक्स ठेवायचे तर साधारण १२.५ जीबी लागतात आणि थर असतो ४.७ जीबीचा. म्हणून डीएसटी नावाची, काहीही न गमावता माहिती दाबून बसवणारी पद्धत वापरावी लागली.

एक बिटाची गोची स्टुडिओत कळते. साधा फेड द्यायचा, म्हणजे आवाज हळूहळू कमी करायचा, तरी गणित १ बिटात मावत नाही, मधे बहुबिट रूपात जावेच लागते. म्हणून संपादनासाठी २४ बिट, ३५२.८ किलोहर्ट्झचे डीएक्सडी वापरात आले. म्हणजे ‘शुद्ध डीएसडी’ असा डंका पिटणाऱ्या अनेक डिस्क वाटेत पीसीएममधून, म्हणजे सीडीसारख्या बहुबिट रूपातून, जाऊन आलेल्या असतात. शिवाय डीएसडीतला गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्यातून वर ढकललेला असतो. प्लेअरमधला फिल्टर तो कापतो.

खरी करामत हायब्रिड, म्हणजे एसएसीडी आणि सीडी असे दोन्ही थर असलेल्या, डिस्कमध्ये होती. वाचण्याच्या बाजूने ०.६ मिमी खोलीवर अर्धपारदर्शक थर असतो. ६५० नॅनोमीटरचा लेझर त्यावरून परततो, तर सीडी प्लेअरचा ७८० नॅनोमीटरचा लेझर त्यातून आरपार जाऊन १.२ मिमीवरच्या नेहमीच्या सीडी थरापर्यंत पोचतो. म्हणून ही डिस्क जुन्या सीडी प्लेअरवरही वाजते. २००२ मध्ये रोलिंग स्टोन्सचे जुने अल्बम असे हायब्रिड निघाले, तेव्हा वेष्टनावर त्याचा फारसा गाजावाजा नव्हता. घरात एसएसीडी आहे हे कित्येकांना ठाऊकच नसावे.

एवढे जमवून घोडे अडले ते कुलपांपाशी, म्हणजे नक्कल रोखण्याच्या बंदोबस्तापाशी. १९९९ मध्येच डीव्हीडीचे कुलूप फुटले आणि रेकॉर्ड कंपन्यांनी धसका घेतला. डीव्हीडीवर हाय-रेझ संगीत देणाऱ्या स्पर्धक डीव्हीडी-ऑडिओचे आगमन नवे कुलूप तयार होईपर्यंत लांबले. एसएसीडीत तर ओळखखूण खड्ड्यांच्या रचनेतच दडवली, संगणकाच्या ड्राइव्हला ती वाचता येऊ नये म्हणून. ऑप्टिकल केबलमधूनही डीएसडी बाहेर सोडायचे नाही असे ठरले. सराउंड ऐकायचे तर प्लेअर आणि रिसीव्हर (स्पीकर चालवणारे यंत्र) यांच्यामध्ये सहा ॲनालॉग आरसीए केबल ओढायच्या, आणि प्लेअरला जमत नसेल तर छोट्या स्पीकरमधला खर्ज सबवूफरकडे वळवायची सोयही नाही. डीएसडी एचडीएमआयवरून नेण्याची सोय २००५ च्या १.२ आवृत्तीत आली. तोवर आयपॉड चार वर्षांचा झाला होता. डीव्हीडी-ऑडिओचा तर मेनू बघायला बहुधा टीव्ही लावावा लागे, त्यामुळे गाणी ऐकणाऱ्यांनी तिला फार लवकर सोडले.

आवाजाच्या दाव्यालाही २००७ मध्ये धक्का बसला. मेयर आणि मोरान या अभ्यासकांनी हाय-रेझ डिस्कचा आवाज मधेच सीडीच्या दर्जात उतरवून ऐकवला आणि श्रोत्यांना नेहमीच्या आवाजपातळीवर फरक ओळखता आला नाही. या डिस्क अनेकदा सीडीपेक्षा सरस वाटतात, पण ते काळजीपूर्वक केलेल्या मास्टरिंगमुळे, म्हणजे छपाईआधी आवाजावर फिरवलेल्या शेवटच्या हातामुळे, असेही त्यांनी नोंदवले. खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच. आकड्यांपेक्षा मास्टर कुणी आणि कशावरून केले ते बघा.

मोठ्या कंपन्या पांगल्यावर हे स्वरूप शास्त्रीय संगीताच्या लेबलांनी तगवले. स्वीडनची बीआयएस, नेदरलँड्सची पेंटाटोन आणि चॅनल क्लासिक्स, इंग्लंडची चँडोस. सभागृहाची हवा सराउंडमध्ये पकडायची त्यांना गरज होती आणि त्यांचा ग्राहक प्लेअर बदलायला तयार होता. जपानमध्ये युनिव्हर्सलने २०१० पासून एसएचएम-एसएसीडी, म्हणजे खास पारदर्शक प्लास्टिकच्या एसएसीडी, काढल्या. त्यांत सीडीचा थर नसतो, त्यामुळे साध्या प्लेअरमध्ये त्या मुक्या राहतात.

ॲपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस (काहीही न गाळलेला आवाज) आणि डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज आणणारे सराउंड) जादा पैसे न घेता दिले, तेव्हा स्टिरिओ हाय-रेझ डिस्कचा मोठा आधार गेला. ॲटमॉसचे तसे नाही. स्ट्रीमिंगवरचे ॲटमॉस काही माहिती गाळून दाबलेले असते, ब्लू-रेवर तेच ट्रूएचडीमधून काहीही न गाळता मिळते. म्हणून संग्राहकांसाठीची नवी सराउंड आवृत्ती आता बरेचदा ब्लू-रे ऑडिओवर येते. हा मार्ग मला एसएसीडीपेक्षा लांब पल्ल्याचा वाटतो, पण दोन्हींचे नशीब एकाच प्रकारच्या प्लेअरला बांधलेले आहे.

आज भारतात बसून परदेशातून डिस्क मागवणाऱ्याला एसएसीडीत रीजन कोडची, म्हणजे डिस्क ठरावीक देशांच्या प्लेअरवरच चालू देणाऱ्या खुणेची, कटकट नाही. ब्लू-रेत मात्र आपला विभाग ‘सी’ आहे, तेव्हा डिस्क त्यासाठी चालते की नाही ते तपासावे. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाजवतो, पण त्याला ॲनालॉग आउटपुट नाही, तेव्हा एचडीएमआय रिसीव्हर हवाच. जुना प्लेअर घेताना हायब्रिड डिस्क लावून डिस्प्लेवर एसएसीडीची खूण उमटते का ते पाहा. नुसती सीडी वाजली तर आधी सेटिंगमध्ये कोणता थर निवडलाय ते बघा. तिथे सगळे ठीक असेल तर बहुधा ६५० नॅनोमीटरचा लेझर थकलेला असतो, आणि जुन्या मॉडेलचा पिकअप (लेझर बसवलेला सुटा भाग) मिळणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.